न धुतलेला खल

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आरंभीच कबूल करून टाकतो. तीस वर्षे मी काचेची भांडी विसळली, बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि 'सोबतच्या यादीप्रमाणे साहित्य मिळावे, ही विनंती' हे एकच वाक्य पुनःपुन्हा कार्यालयाला लिहून पाठवले. एवढ्या पुंजीवर वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी एखाद्या मोठ्या माणसाचे चित्र रेखाटायला बसणे हा आगाऊपणाच आहे, आणि त्याबद्दल वाचकांनी उदार मनाने मला क्षमा करावी. माझी बाजू एवढीच, की ज्यांच्याविषयी लिहायचे ते स्वतःविषयी चकार शब्द काढणार नाहीत. त्यांच्या पत्नी पुष्कळ शब्द काढतील, पण ते छापता येणार नाहीत. उरलो मी.

तर आमचे सर. या जगात न विरघळणारे असे काहीही नाही, मनाजोगता शेजार न मिळालेले मात्र पुष्कळ आहे, असे अंतःकरणापासून मानणारा दुसरा मनुष्य मी पाहिलेला नाही. राहात्याच्या बाहेर, पेरूच्या बागा जिथे रस्त्याला येऊन टेकतात, तिथे आमचे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. सर तिथे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. एकोणीस वर्षे आम्ही एका खोलीत काढली. त्यांचे सारे आयुष्य एकाच खटाटोपात गेले. जी औषधे पाण्यात उतरत नाहीत, त्यांना उतरायला लावणे. औषध कितीही गुणी असो, पोटातल्या पाण्यात ते विरघळले नाही तर रक्तात पोचत नाही. लग्नाला आलेल्या पाहुण्याने मांडवाच्या दारातूनच माघारी फिरावे, तसे ते आल्या वाटेने निघून जाते. सरांचा उपाय असा, की अशा औषधाला एखाद्या निरुपद्रवी पदार्थाची, चिंचेतल्या किंवा लिंबातल्या आम्लाची म्हणा, जोड द्यायची. दोघांचे कण एकाच स्फटिकात शेजारी शेजारी बसले, की जे एकट्याने पाण्यात पाय टाकायला तयार नव्हते, ते जोडीने निमूट उतरते.

'न विरघळणारे' हा शब्द मात्र सरांसमोर उच्चारायची सोय नव्हती. "ते तसे नाहीत हो, भिडस्त आहेत," असे ते म्हणत. औषधांना ते अहोजाहो करीत. विद्यार्थ्यांनाही करीत, पण औषधांना जरा जास्त. एखादी पूड पाण्यावर तरंगत राहिली, की काचपात्राच्या काठाशी डोळे नेऊन ते पाचपाच मिनिटे तिच्याकडे बघत, आणि मग एखाद्या रागावलेल्या आत्याबाईंविषयी बोलावे तशा आवाजात मला सांगत, "भाऊसाहेब, आज त्यांची इच्छा दिसत नाही." बाटल्यांवर पदार्थाचे नाव आणि तारीख लिहावी, असा नियम आहे. सरांच्या बाटल्यांवर 'रुसले आहेत', 'विचारात आहेत', 'उन्हाळ्यानंतर पुन्हा विचारणे' अशा चिठ्ठ्या असत. मी एकदा धीर करून नियमाची आठवण करून दिली. ते दुखावल्या स्वरात म्हणाले, "नावे काय, सगळ्यांचीच असतात. त्यांची मनःस्थिती कोण लिहिणार?" या शेकडो बाटल्यांच्या रांगेत 'जमले' अशी चिठ्ठी असलेली बाटली एखादीच असे, आणि ती ज्या दिवशी लागे, त्या दिवशी सर उपाहारगृहात दोन चहा सांगत.

त्यांचा चहा हा तालुक्याच्या चर्चेचा विषय होता. गोळी पोटात किती वेळात विरघळेल, हे पाहण्याचे एक यंत्र आमच्याकडे आहे. त्यातले पाणी माणसाच्या अंगाइतके कोमट ठेवतात आणि त्यात एक पाते मिनिटाला पन्नास फेरे घेते. सरांनी हीच रीत चहाला लावली होती. आधी कपात थर्मामीटर उभा राही. चहा सदतीस अंशांवर आला, की साखर पडे आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे नजर लावून चमच्याचे बरोबर पन्नास फेरे. तोवर त्या चहाला चहा म्हणण्याजोगे त्यात काही उरलेले नसे. उपाहारगृहाचा मालक गल्ल्यावरून ओरडे, "सर, त्यो चहा हाय का पेशंट? प्या की आता, गेला त्यो!" सर अत्यंत गंभीरपणे उत्तर देत, "गेले नाहीत. आत्ता कुठे शुद्धीवर आलेत."

मिसळण्याच्या शास्त्रात एवढा पारंगत असलेला हा माणूस स्वतः मात्र कुठेच मिसळत नसे. स्नेहसंमेलन असो, निरोपसमारंभ असो, सर शेवटच्या रांगेतली भिंतीकडची खुर्ची धरत. तिच्या शेजारची खुर्ची माझी. तिथे बसून आम्ही दोघे एकोणीस वर्षांत बहुधा एकोणीस वाक्ये बोललो असू. मला कधी कधी वाटे, की आम्हा दोघांची बाटली कुणी भरली असती, तर तिच्यावर काय चिठ्ठी लागली असती!

एकदाच ते चारचौघांत आपण होऊन बोलले, आणि तो प्रसंग त्यांच्या पत्नीच्या माहेरच्या एका मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांचा होता. माहेरचे कुणी, मुलीचे मामा, मुलाकडचे पाहुणे, असे दहापंधरा लोक सरांच्या ओट्यावर जमले होते. मीही एका खांबाआड होतो. देण्याघेण्याचे बोलणे अडले, सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत सरांनी अचानक घसा खाकरून क्षार आणि सहस्फटिक यांतला भेद सांगायला सुरुवात केली. म्हणाले, "दोन पदार्थ दोन तऱ्हांनी एकत्र येतात. क्षारात एक जण आपल्याजवळचे काही काढून देतो आणि दुसरा ते घेतो. देणेघेणे पक्के झाल्याशिवाय क्षार होत नाही. सहस्फटिकात मात्र कुणी कुणाला काही देत नाही. दोघे जसे आहेत तसेच राहतात, फक्त एका पाटावर हातात हात घालून बसतात. आणि पाण्यात दोन्ही उतरतात." मुलीच्या मामांनी पागोटे सावरले आणि विचारले, "म्हंजी दुसऱ्यात हुंडा न्हाई?" "नाही." "मानपान?" "मुळीच नाही." मामा पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "मंग सरांच्या वळखीतलंच एखांदं स्थळ बघू की आपन!" त्या हशात बोलणी सुरळीत पार पडली. सरांना मात्र लोक का हसले, हे अखेरपर्यंत कळले नाही. ते खांबाशी येऊन मला हळूच म्हणाले, "मुद्दा पोचला ना?"

आता खलाकडे यायला हवे. हा एक चिनी मातीचा पांढरा खल होता, असे जुनी पावती सांगते. प्रत्यक्षात तो साईच्या रंगाचा झाला होता आणि त्याच्या तळाला केसासारखी एक चीर होती. सहस्फटिक करायची सरांची आवडती रीत म्हणजे दोन्ही पुडी या खलात घ्यायच्या, ड्रॉपरने अल्कोहोलचे दोन थेंब टाकायचे आणि वीस मिनिटे बत्त्याने सावकाश घोटायचे. थेंब दोनच. "तिसरा थेंब म्हणजे तिसरा माणूस," असे ते म्हणत. घोटताना ते कान खलाच्या काठाशी नेत. आरंभी वाळू दळल्यासारखी करकर येई, आणि जमायचे असेल तर एका क्षणी तो आवाज मऊ पडे, जात्यातून पीठ उतरू लागावे तसा. "बसले," असे सर पुटपुटत. हा खल कुणी धुवायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. काम झाले की ते स्वतः एका सुक्या फडक्याने तो तीन वेळा पुसत, की झाले. मी हाडाचा भांडी धुणारा माणूस. तो खल पाहिला, की माझ्या हाताला अक्षरशः खाज सुटे.

त्याच जातकुळीचा त्यांचा अ‍ॅप्रन होता. घोटून झाल्यावर पुडीने माखलेले हात सर त्याच्याच खिशांत घालत, त्यामुळे त्याचा रंग सांगणे कठीण आहे. फार वर्षांपूर्वी एका दिवाळीला वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, तो सोडा घालून धुतला आणि उन्हात वाळत घातला. सर घरी आले, तारेवरच्या त्या शुभ्र वस्तूकडे बघत उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "तुम्ही माझे दोन वर्षांचे काम वाळत घातले आहे." वहिनी राहात्याच्या बागायतदार घरातल्या. ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही. "आजपासनं ह्या कोटाला माझा हात लागला तर नाव बदलीन," असे त्यांनी सगळ्या आळीला ऐकवले, आणि तो शब्द इतका पाळला, की अ‍ॅप्रन खुंटीवरून पडलाच तर त्या तो काठीने उचलत.

मी जे सांगायला बसलो आहे, ते सरांच्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात घडले. त्या वर्षी सरांच्या हाताखाली एक मुलगी पदव्युत्तर अभ्यासाला होती. पाथर्डीकडच्या कोरडवाहू भागातली. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. सांधेदुखीवरच्या एका जुन्या, पाण्याशी अजिबात न पटणाऱ्या औषधाची तिने चिंचेतल्या आम्लाशी जोडी जमवली होती. ते सहस्फटिक मूळ औषधाच्या कितीतरी पट चटकन विरघळत होते. पुण्याहून तपासणीचे अहवाल आले होते, प्रबंध बांधून झाला होता, आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात तिची निवडही झाली होती. पदवीचा दाखला घेऊन एक तारखेला हजर व्हायचे होते. मधे फक्त शनिवारची तोंडी परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक जुन्या वळणाचे होते. त्यांनी आगाऊ कळवले होते, की वहीत काय लिहिले आहे ते पाहीनच, पण पदार्थ माझ्यासमोर एकदा करून दाखवावा.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, महाविद्यालयाच्या तपासणीसाठी समिती येणार होती. आणि मंगळवारी सर पुतणीच्या लग्नासाठी दोन दिवस कर्जतला गेले. वाचकहो, मोह कुणाला चुकला आहे? समितीचा धाक आणि हातात दोन दिवस. ज्या बाटल्यांवर रीतसर नाव नव्हते, त्या मी रिकाम्या करून घासल्या. 'रुसले आहेत' गेले, 'विचारात आहेत' गेले, आणि त्या रांगेबरोबर 'जमले'ही गेले. अ‍ॅप्रनची घडी करून मी तो सरांच्या घरी पाठवला आणि सोबत चिठ्ठी लिहिली, 'कृपया धुवून पाठवावा.' मग तो खल घेतला. आधी आम्लाने, मग उकळत्या पाण्याने, मग मऊ ब्रशने ती चीरसुद्धा निर्मळ केली. खरे सांगायचे तर, नोकरीतला इतका आनंदाचा दिवस मला दुसरा आठवत नाही. समितीच्या एका सदस्यांनी खलावरून बोट फिरवले आणि मान डोलावली.

शुक्रवारी मुलीने तालीम घेतली. वीस मिनिटे घोटले, आवाज करकरतच राहिला. बारीक नळीत पूड भरून तापवली. जोडी जमलेली पूड एका ठराविक अंशाला वितळते, ही त्याच्या कितीतरी आधीच ओघळू लागली. म्हणजे दोघे नुसते एकत्र कालवले गेले होते, एका पाटावर बसले नव्हते. दुसरा प्रयत्न केला, तिसरा केला. पाण्यात टाकली, तर पूड गेल्या जन्मीचे वैर असल्यासारखी वर तरंगत राहिली. सर कर्जतहून आलेले होते. त्यांनी खल उचलून खिडकीशी नेला, आत पाहिले आणि परत ठेवला. 

मुलगी म्हणाली, "सर, उद्याचे सर म्हणतील, वहीतलं सगळं खोटं आहे. आणि मी काय सांगू? आईला मी फोनवर सांगून बसलेय, झालंच म्हणून. तिनं टोळीत पेढेपण वाटले."

"हात दुखतोय का तुमचा?" सरांनी विचारले. त्यांना धीर देता येत नसे, म्हणून ते असे काहीतरी विचारत.

"नाही सर. आमच्या घरात सगळ्यात हलकं काम माझंच आहे."

मी कपाटाआड उभा होतो. बोलायला हवे होते, बोललो नाही. स्वभावाचा दोष म्हणा, की भित्रेपणा म्हणा.

शनिवारी सकाळी सात वाजता मात्र मी सरांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. सर चहा पीत होते, आणि समोर थर्मामीटर नव्हता. वाफाळता चहा ते तसाच पीत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकले.

"सर, खल मी धुतला."

"हो."

"आम्लाने धुतला. बाटल्याही मीच..."

"दिसले. विकत आणला तेव्हाही तो इतका उजळ नव्हता." मग त्यांनी विचारले, "'जमले'सुद्धा?"

"'जमले'सुद्धा."

सरांनी कप खाली ठेवला. आतून वहिनी पदराला हात पुसत आल्या. "आवं, काल रातच्यापासनं ह्यांचं त्वांड उतारलंय. असं गेलं तरी काय त्या खलात?"

सरांनी त्यांना समजावून सांगितले. काही स्फटिक पहिल्यांदा जमायला फार वेळ घेतात. पण एकदा जमले, की त्यांचा एखादा कण जरी नव्या पुडीत पडला, तरी तो बाकीच्यांना कसे बसायचे ते दाखवतो. त्या कणाला बीज म्हणतात. खलाच्या चिरेत ते बीज होते, म्हणून इतके दिवस सगळे सुरळीत होत होते.

"म्हंजी इरजन," वहिनी म्हणाल्या. "दुधाला लावतो तसं."

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. पस्तीस वर्षांच्या संसारात आपल्या विषयावर त्यांच्याकडून इतके अचूक वाक्य त्यांनी ऐकले नसावे.

"अगदी तसेच," ते म्हणाले.

"मंग रडायचं काय त्यात? इरजन सपलं तर म्या काय दूध वतून देते व्हय? जावंकडनं चमचाभर आनते."

"हे कुणाकडे मिळणार? सगळे तिथेच होते आणि ते धुतले गेले."

वहिनींनी आधी माझ्याकडे पाहिले, मग सरांकडे, आणि मग त्या ज्या हसल्या, ते हसू मी जन्मात विसरणार नाही. "समदं न्हाई धुतलं. गोठ्याच्या खुंटीला बघा. भाऊसाहेबांची चिठ्ठी आल्ती, कोट धुवून पाठवा म्हून. म्हनलं, धुतंय माझं पायतान! काठीनं टांगलाय तसाच."

अर्धा चहा टाकून सर गोठ्याकडे अक्षरशः धावले. त्यांना धावताना पाहण्याचा योग मला तेवढा एकदाच आला. आज्ञाधारक म्हणून नावाजलेल्या माझ्या हातून सगळे धुतले गेले होते, आणि हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेल्या वहिनींनी तेवढे एक राखले होते.

अकरा वाजता परीक्षक आले. सडपातळ, पांढऱ्या भुवयांचे, प्रत्येक वाक्यानंतर 'बरं' म्हणणारे. अ‍ॅप्रन वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाखाली ठेवला होता. मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "काका, अ‍ॅप्रनच्या खिशातली धूळ टाकणार, हे सांगायलाच पाहिजे का? हसतील हो ते. आणि नापास केलं तर?" मी काही उत्तर देण्याआधी सर म्हणाले, "सांगायला पाहिजे. उद्या दुसऱ्या कुणी खल धुतला, तर त्याने काय करावे?" आणि त्यांनी सांगितले. सगळे सांगितले. फक्त खल कुणी धुतला, तेवढे सांगितले नाही. "आमच्याकडून खल धुतला गेला," असे म्हणाले. त्या 'आमच्याकडून'ची सर इतर कुठल्याही क्षमेला येणार नाही.

परीक्षकांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे प्रबंधात मी काय वाचायचं? साहित्य: औषध, आम्ल, अल्कोहोल दोन थेंब, आणि जुना अ‍ॅप्रन?"

"होय," सर म्हणाले. "खरे आहे ते."

"बरं. करा."

सरांनी खिसा कोऱ्या कागदावर उलटा केला. त्यातून खडूचा तुकडा, एक दोरा, कर्जतच्याही आधीच्या कुठल्याशा प्रवासाचे तिकीट, पेरूच्या चार बिया आणि करड्यापांढऱ्या धुळीची एक चिमूट निघाली. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मुलीने ती चिमूट खलात टाकली, दोन थेंब मोजले आणि घोटायला लागली. पाच मिनिटे झाली. दहा झाली. करकर, करकर. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मुलीच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ मिटलेले होते. तो घोटण्याचा आवाज माझ्या दातांत जाऊन बसला. तिची नोकरी, तिच्या आईने वाटलेले पेढे, वहीतल्या दोन वर्षांच्या ओळी, हे सगळे त्या चिमूटभर धुळीवर होते, आणि ती धूळ नुसती धूळच असेल, ही शक्यता आम्हा तिघांनाही माहीत होती. सर पाठ वाकवून, कान काठाशी नेऊन, डोळे मिटून उभे होते.

बाराव्या मिनिटाला त्यांचे डोळे उघडले. मला काहीच फरक ऐकू आला नव्हता. मग तोही आला. वाळू संपली आणि पीठ उतरू लागले.

"बसले," सर म्हणाले.

नळीतली पूड ठरलेल्या अंशाला वितळली, त्याआधी हलली नाही. पाण्यात टाकलेली चिमूट क्षणभर वर रेंगाळली आणि मग दारातल्या पाहुण्याने चपला काढून आत यावे तशी खाली उतरत, उतरत दिसेनाशी झाली. मुलगी हसायच्या ऐवजी खुर्चीत बसली. परीक्षक मात्र उठले नाहीत. "बरं," म्हणाले, "आता अ‍ॅप्रनशिवाय. नवा खल घ्या आणि ह्यातली चिमूट त्यात टाका." नव्या खलात सहाव्या मिनिटालाच आवाज मऊ पडला. मग त्यांनी सही केली आणि जाताना सरांना एवढेच म्हणाले, "प्रबंधाच्या शेवटी बीज जपण्याविषयी एक पान जोडायला सांगा. अ‍ॅप्रनचा उल्लेख गाळू नका." ते पान आजही ग्रंथालयात आहे. वहिनींचे नाव त्यात ऋणनिर्देशात आहे. ते कशासाठी, हे वाचणाऱ्यांना कळत नाही.

मुलगी एक तारखेला सुप्याला हजर झाली. मधे फोन आला होता. म्हणाली, "काका, इथं कामाची पाळी संपली की सगळं धुतात. अगदी भिंतीसुद्धा. पण बीजाची बाटली मी वेगळी ठेवते, कुलपात. नाव, तारीख, सगळं लिहून." मग म्हणाली, "आणि खाली बारीक अक्षरात 'जमले'."

पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषणे झाली, शाल झाली, नारळ झाला. सरांना बोलायला सांगितले, तेव्हा ते उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला आणि शेवटच्या रांगेत येऊन भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. बऱ्याच वेळाने, समोर पाहतच, म्हणाले, "भाऊसाहेब, आपल्यात देणेघेणे असे काही झाले नाही."

"नाही सर."

"नुसतेच शेजारी बसलो." मग हातातल्या नारळाच्या शेंडीशी चाळा करत म्हणाले, "बरे उतरले."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, तर वहिनी अंगणात अ‍ॅप्रन धूत होत्या. "आता सुटली शपथ," म्हणाल्या. "आता त्यात जपायचं काय ऱ्हायलंय?" सर बादलीशी उकिडवे बसून त्या गढुळणाऱ्या पाण्याकडे बघत होते. वाईट वाटत होते की काय, ते मला कळेना. माझी चाहूल लागताच त्यांनी मान वर केली आणि समाधानाने सांगितले, "बघा, 'रुसले आहेत'सुद्धा उतरले शेवटी."

आता ते पेरूच्या बागेत असतात. चहा पूर्ववत सदतीस अंशांवर आला आहे. महिन्यातून एकदा मी जातो, आम्ही ओट्यावर बसतो, एखादे वाक्य होते. प्रयोगशाळेत नव्या विभागप्रमुख बाई आल्या आहेत. हुशार आहेत, टापटिपीच्या आहेत, मला त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांनी कपाटांची यादी करायला सांगितली आहे. जे वापरात आहे ते धुवून, पुसून, क्रमांक घालून ठेवायचे, जे नाही ते निकालात काढायचे. सरांचा खल त्या शनिवारपासून मी धुतलेला नाही. सुक्या फडक्याने तीन वेळा पुसून वरच्या फळीवर ठेवला आहे. चिरेत पुन्हा काहीतरी पांढुरके बसले आहे. त्या बीजाची आता इथे कुणाला गरज नाही, हे मला समजते. सोमवारी सकाळी तो खल मला फळीवरून काढावा लागेल, आणि नळ तर शेजारीच आहे.

तुम्हीच सांगा, तो मी धुवू का?